हात कुठे थबकतो ते पाहा

कोलकात्यात रस्त्यावरचा चहा अजूनही बऱ्याच ठिकाणी मातीच्या कपात मिळतो. इथे त्याला 'भाँड' म्हणतात, आपल्या भांड्याचंच हे भावंड. त्याला कान नसतो, बशी नसते आणि तो कसा धरायचा हे कुणी कुणाला शिकवत नाही. तळाशी निमुळता, वर किंचित फाकलेला. अंगठा आणि दोन बोटं आपोआप काठाखाली जातात. चहावाला काठोकाठ भरत नाही, म्हणून वरची कड हाताला सोसते. भिंत जाड, त्यामुळे चटका बसत नाही. चहा चार-पाच घोटांचाच, त्यामुळे शेवटचा घोटही गरम लागतो. पिऊन झालं की बाजूच्या टोपलीत टाकायचा. सांगलीहून या शहरात आले त्या पहिल्याच संध्याकाळी हाजरा मोडावर, म्हणजे हाजराच्या चौकात, मी हा भाँड हातात घेतला. बंगालीचा एक शब्द येत नव्हता, तरी कुठे काही अडलं नाही.

त्याच आठवड्यात घरी इंटरनेट घ्यायचं म्हणून एका कंपनीचा ऑनलाइन अर्ज भरायला बसले. माझ्या घरक्रमांकात दोन तिरक्या रेघा होत्या. अर्जाला त्या चालेनात. 'पत्त्यात अवैध चिन्ह आहे' एवढंच लाल अक्षरांत यायचं; कोणतं चिन्ह, कोणत्या चौकटीत, याचा पत्ता नाही. या शहरात जुन्या घरांच्या आणि जागांच्या वाटण्या होत गेल्या तशा क्रमांकांना एकामागून एक तिरक्या रेघा जोडल्या गेल्या. गल्लोगल्ली असे पत्ते आहेत. ज्याने तो अर्ज तयार केला त्याने इथल्या टपालाचं एखादं पाकीटही हातात घेऊन पाहिलं नसावं.

इथल्या सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये गेली चौदा वर्षं मी असे अर्ज आणि पानं वापरायला सोपी करण्याचं काम करते. त्याला यूएक्स म्हणतात, म्हणजे 'यूजर एक्सपीरियन्स', वापराचा अनुभव. मानसशास्त्रज्ञ डॉन नॉर्मन १९९३ मध्ये ॲपल कंपनीत गेले तेव्हा हे शब्द हुद्द्याच्या नावात आले. त्याआधी १९८८ मध्ये त्यांनी रोजच्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिलं होतं. त्यात दारं होती, नळ होते, शेगड्या होत्या. ढकलायचं दार माणसं ओढतात, ते का, असे त्यांचे प्रश्न. वेबसाइट आणि मोबाइल पुढे आले, पण मूळ प्रश्न दाराच्या मुठीचाच राहिला.

हा लेख माझ्या व्यवसायातल्या लोकांसाठी नाही. तुमच्या दुकानाची वेबसाइट असेल, शाळेचा प्रवेश अर्ज तुमच्याकडे असेल, सोसायटीच्या नोटीस बोर्डाची जबाबदारी असेल, किंवा घरात आईवडिलांना नवा फोन शिकवायचा असेल, तर तुम्हीही कुणासाठी तरी वापराचा अनुभव घडवत आहात. त्यासाठी मला एकच गोष्ट सांगायची आहे. माणूस जिथे थबकतो तिथे दोष माणसात शोधू नका, वस्तूत शोधा. आणि तो कुठे थबकतो हे विचारून कळत नाही, शेजारी बसून बघावं लागतं.

ते कसं बघायचं हे मला माझ्या मावशीने नकळत शिकवलं.

मावशी साताऱ्याची. वय ७१. सातवीच्या मुलांना ३४ वर्षं भूमिती शिकवून निवृत्त झालेली. एका दुर्गापूजेला ती माझ्याकडे राहायला आली होती आणि तिला दुसऱ्या एका भाचीच्या खात्यात पाच हजार रुपये पाठवायचे होते. तिने बँकेचं ॲप उघडलं. मी शेजारी मटार सोलत बसले होते आणि त्या दिवशी, का कोण जाणे, मदतीला धावले नाही.

तिने रक्कम घातली. ओटीपीचा संदेश आला. तो क्षणभर वर चमकला आणि वाचायच्या आत गेला. संदेश पाहायला तिने ॲप मागे टाकलं, आकडे पाठ केले, परत आली तर ॲप पहिल्या पानावर. पुन्हा सगळं भरलं. या वेळी तिने ओटीपी वर्तमानपत्राच्या समासात पेन्सिलीने लिहून घेतला. सहा आकडे एकेक करून दाबले. मग तिचं बोट हवेत थांबलं. ते तसंच थांबून राहिलं. स्क्रीनवर 'पुढे जा'चं बटण होतं, पण आकड्यांचा कीबोर्ड उघडल्यामुळे ते त्याच्याखाली झाकलं गेलं होतं. कीबोर्ड खाली ढकलायचा असतो हे तिला कोण सांगणार? ती वाट पाहत राहिली, आणि स्क्रीनवर आलं, 'आपले सत्र संपले आहे.' सत्र म्हणजे तिच्या लेखी शाळेचं सहामाही सत्र.

फोन बाजूला ठेवून ती म्हणाली, "माझंच काहीतरी चुकतंय गं."

हे वाक्य तुमच्या कानावर पडलं की तिथे काम आहे असं समजा. मी मटार तसेच ठेवले आणि त्याच वर्तमानपत्रावर चार जागा लिहिल्या: संदेश वाचायला पुरेसा वेळ नाही, ॲपमधून बाहेर पाऊल टाकलं की भरलेलं सगळं पुसलं जातं, कीबोर्ड बटण झाकतो, आणि संपलेल्या वेळेची सूचना अशा शब्दांत येते की पुढे काय करायचं ते कळत नाही. या चारांतली एकही चूक मावशीची नाही. चारही दुरुस्त करता येण्याजोग्या आहेत. त्यातली शेवटची तर नुसते शब्द बदलून होते: 'वेळ संपली. तुमचे पैसे गेलेले नाहीत. पुन्हा ओटीपी मागवा.' मधलं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण पैशाच्या व्यवहारात अडकलेल्या माणसाला पहिली धास्ती तीच असते.

तुम्हाला असं बघायचं असेल तर काही पथ्यं पाळा. समोरच्याला काम द्या, कृती सांगू नका. 'वरच्या मेनूत जाऊन बिलाचं बटण दाबा' असं म्हटलंत तर तुम्ही उत्तर फोडलं. 'या महिन्याचं वीजबिल भरून दाखवा' एवढंच म्हणा. सुरुवातीलाच सांगा की परीक्षा तुमची नाही, या पानाची आहे. मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा. मग गप्प बसा. हे सर्वांत कठीण आहे, विशेषतः घरातल्या माणसाबरोबर, कारण आपला हात आपसूक पुढे जातो. हात मांडीवर ठेवा. ती व्यक्ती काय बोलते यापेक्षा बोट कुठे गेलं, डोळे कुठे फिरले, श्वास कधी सोडला हे टिपा. शेवटी 'कसं वाटलं?' विचारलंत तर दहापैकी नऊ जण 'छान आहे' म्हणतील. आपल्याकडे समोरच्याच्या कामाला नाव ठेवणं उद्धटपणा मानतात, तेव्हा त्या 'छान'वर विसंबू नका.

किती जणांना बघायचं? या क्षेत्रातले नामवंत अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली पाच हा आकडा सांगितला आणि माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. पहिल्या दोघांतच मोठे खड्डे दिसतात, पाचव्यापर्यंत तेच तेच पुन्हा दिसू लागतं. पंधरा जणांना एकदम बसवण्यापेक्षा पाच जणांना बघा, दुरुस्ती करा, मग नवे पाच बघा. फक्त हे पाच जण तुमच्या कचेरीतले नसावेत. एखादी साठीपुढची बाई, एखादा फोन एका हाताने वापरणारा डिलिव्हरीवाला, ज्याचं मराठी वाचन हळू आहे असा एखादा मुलगा, चष्मा लागतो पण लावत नाही अशी एखादी शेजारीण. रचनेतली भेग आधी याच मंडळींना जाणवते.

आता नावांकडे वळते, कारण माझ्या अनुभवात सर्वाधिक घोटाळे बटणांपेक्षा शब्दांमुळे होतात, आणि कोलकाता ही त्याची मोठी शाळा आहे.

देशातली पहिली मेट्रो इथे धावली, २४ ऑक्टोबर १९८४ रोजी, एस्प्लनेड ते भवानीपूर, ३.४ किलोमीटर. तेव्हाचं भवानीपूर स्थानक म्हणजे आजचं 'नेताजी भवन'. मार्ग दक्षिणेला वाढत गेला तशी स्थानकांना थोर व्यक्तींची नावं दिली गेली. टालीगंज झालं 'महानायक उत्तम कुमार', कुदघाट झालं 'नेताजी', गडिया बाजार झालं 'कवी नजरुल', न्यू गडिया झालं 'कवी सुभाष'. या माणसांबद्दल इथल्या लोकांना खरा आदर आहे आणि स्थानकाला त्यांचं नाव असण्यात वावगं काही नाही. पण वापरणाऱ्याच्या बाजूने आता ही एकच मार्गिका बघा. तिच्यावर 'रवींद्र सदन' आहे आणि चार स्थानकं पुढे 'रवींद्र सरोवर' आहे. 'नेताजी भवन' आहे आणि पुढे नुसतं 'नेताजी' आहे. 'कवी नजरुल' आहे आणि 'कवी सुभाष' आहे. गर्दीत, गाडीच्या घरघराटात, घोषणेतला पहिला शब्द कानावर पडतो आणि दुसरा निसटतो. पाहुण्याला फोनवर रस्ता सांगतानाही तेच होतं. इथले लोक आजही बोलताना टालीगंज आणि गडिया म्हणतात, कारण त्या नावात जागा आहे.

मेक्सिको शहराच्या मेट्रोने १९६९ मध्ये यावर सुंदर उपाय केला होता. लान्स वायमन या डिझायनरने प्रत्येक स्थानकाला एक चित्र दिलं, त्या परिसराशी नातं सांगणारं. ज्याला वाचता येत नाही तोही चित्रावरून उतरतो. आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. आपली निवडणूक चिन्हं याच विचारातून आली.

तुम्ही मेट्रो बांधणार नाही, पण नावं तुम्हीही देता. एका सहकारी संस्थेच्या वेबसाइटवर मी मेनू पाहिला होता: 'सेवा', 'सुविधा', 'योजना', 'उपक्रम'. कर्जाचा अर्ज यातल्या कुठे असेल? चारही शब्द चांगले मराठी आहेत आणि चारही जागी काहीही असू शकतं. त्याऐवजी 'कर्ज', 'ठेवी', 'खातं उघडा', 'शाखा आणि वेळा' असं लिहा. नाव देताना तीन कसोट्या लावा. पहिला शब्द वेगळा आहे का? फोनवर सांगितलं तर ऐकणारा बरोबर लिहून घेईल का? आणि लोक आज त्या गोष्टीला तोंडाने काय म्हणतात? तिसरी कसोटी सगळ्यांत मोलाची. सोसायटीच्या इमारतींना 'ए-१' आणि 'ए-१०' म्हणत असाल तर कुरिअरवाल्याला एकदा विचारून बघा.

जुनी नावंही मरत नाहीत. हॅरिसन रोड कधीच महात्मा गांधी रोड झाला, लॅन्सडाउन रोड शरत बोस रोड झाला, थिएटर रोड शेक्सपिअर सरणी झाला, कॅमॅक स्ट्रीट अवनींद्रनाथ ठाकूर सरणी झाली. टॅक्सीत बसून मात्र लोक जुनंच नाव सांगतात. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानक २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, पण 'एल्फिन्स्टन' म्हणणारी पिढी अजून लोकलमध्ये आहे. तुमच्या वेबसाइटवर शोधण्याची सोय असेल तर जुनं आणि नवं, दोन्ही नावं तिला ओळखता आली पाहिजेत. एका दुपारचं काम आहे.

माणसांच्या नावांबाबत एक चूक मी स्वतः केली आहे आणि ती मला अजून बोचते. दक्षिण कोलकात्यातल्या एका रुग्णालयासाठी आम्ही तपासणीचे अहवाल ऑनलाइन पाहण्याची सोय करत होतो. रुग्णाने नाव आणि क्रमांक टाकायचा, दोन्ही नोंदीशी तंतोतंत जुळलं की अहवाल उघडणार. सुरक्षिततेसाठी हे ठीक वाटलं होतं. सुरू झाल्यावर तक्रारी येऊ लागल्या. मी दोन दिवस रुग्णालयाच्या खिडकीपाशी उभी राहिले तेव्हा उलगडा झाला. बंगाल्यांत मुखर्जी आणि मुखोपाध्याय हे एकच आडनाव. बॅनर्जी म्हणजे बंद्योपाध्याय, चॅटर्जी म्हणजे चट्टोपाध्याय, गांगुली म्हणजे गंगोपाध्याय. ओळखपत्रावर एक असतं, खिडकीवर घाईत दुसरं सांगितलं जातं, आणि दोन्ही खरं असतं. शिवाय प्रत्येकाला दोन नावं: घरचं 'डाकनाम' आणि बाहेरचं 'भालोनाम'. आजारी माणसाला घेऊन धावत आलेली बहीण घाबरून डाकनामच सांगते. आमच्या तंतोतंत जुळणीने या सगळ्यांना दारातच अडवलं होतं. एक म्हातारे गृहस्थ पत्नीचा अहवाल न मिळाल्याने बारुईपूरहून दुसऱ्यांदा आले होते. ते माझ्यावर रागावले नाहीत, उलट म्हणाले की आम्हाला ही यंत्रं कळत नाहीत. मावशीचंच वाक्य.

आम्ही नावाची जुळणी काढून टाकली आणि क्रमांकासोबत नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवू लागलो. तुमच्या अर्जातही बघा. मराठीत 'कुलकर्णी' आणि 'कुळकर्णी' आहेत. 'चव्हाण'चं इंग्रजी स्पेलिंग घरागणिक वेगळं आहे. लग्नानंतर काही बायकांचं बँकेतलं नाव एक, रेशनकार्डावरचं दुसरं. काही लोक आडनावच लावत नाहीत. शक्य असेल तिथे पूर्ण नावासाठी एकच रुंद चौकट ठेवा आणि तिच्यात देवनागरीही चालू द्या. आकड्यांचंही तसंच. इथल्या बसवर कधी बंगाली आकडे असतात. बंगाली चार हा इंग्रजी आठासारखा दिसतो आणि बंगाली सात इंग्रजी नवासारखा, त्यामुळे परगावचा माणूस फलक वाचूनही चुकीच्या बसमध्ये चढू शकतो. तुमच्या पानावर एका ठिकाणी देवनागरी आणि दुसऱ्या ठिकाणी इंग्रजी आकडे अशी सरमिसळ करू नका. आणि अर्ज भरणाऱ्याने कोणतेही आकडे लिहिले तरी ते स्वीकारा. बदलून घेण्याचं काम संगणकाचं आहे.

बसचा विषय निघालाच आहे तर तिथल्या कंडक्टरकडून शिकण्यासारखं आहे. कोलकात्याच्या खासगी बसमध्ये तो तिकिटांची चळत बोटांत धरतो आणि अंगठ्याने तिच्या कडेवरून कर्र कर्र असा आवाज काढत गर्दीतून सरकतो. तो तोंडाने काही मागत नाही. त्या आवाजावर हात खिशात जातात. थांब्यावर उतरणारी बाई दिसली की ड्रायव्हरला ओरडून सांगतो, "आस्ते लेडिज, कोले बाच्चा", म्हणजे सावकाश, बाई उतरतेय, कडेवर मूल आहे. आपल्या एसटीतली डबल बेल यांच्याच घराण्यातली. काय झालं, काय चाललंय आणि पुढे काय होणार, हे त्या त्या क्षणी कळतं. माझ्या व्यवसायात याला फीडबॅक म्हणतात. मी त्याला 'पोच' म्हणते.

पोच कशी असावी याचा घरोघर माहीत असलेला नमुना मतदान यंत्र आहे. त्याच्या रचनेत आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइनच्या केंद्रातल्या प्राध्यापकांचा हात होता. नाव आणि चिन्ह ज्या ओळीत, निळं बटण त्याच ओळीत. दाबलं की शेजारचा लाल दिवा लागतो, लांब बीप ऐकू येते, आणि आता व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते. डोळ्यांना, कानाला, पुन्हा डोळ्यांना, अशी तीनदा पोच. आता चहाच्या टपरीवरचा साउंडबॉक्स आठवा. चहावाल्याचे हात ओले, एका हातात किटली. पैसे आले की नाही हे त्याला फोनकडे न बघता ऐकू येतं.

तुमच्या वेबसाइटवर 'पाठवा' दाबल्यावर काय होतं? काहीच हललं नाही तर माणूस पुन्हा दाबतो, आणि मग दोन ऑर्डर येतात. जुना दंडक असा आहे की सेकंदाच्या दहाव्या भागात प्रतिसाद आला तर तो लगेच आला असं वाटतं, एक सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते, दहा सेकंदांनंतर लक्ष उडतं. म्हणून दाबताक्षणी बटणाचा रंग बदला, वेळ लागणार असेल तर तसं सांगा, आणि शेवटी 'यशस्वी' एवढंच लिहून सोडू नका. 'तुमची ऑर्डर मिळाली, गुरुवारी संध्याकाळपर्यंत पोहोचेल, क्रमांक अमुक' असं लिहा.

देवनागरीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मराठी पानं बनवणारे बरेच जण इंग्रजीचं माप लावतात. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, रफार, मात्रा असतात आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. इंग्रजीसाठी ठरवलेल्या चौकटीत हे छाटलं जातं. ओळीची उंची अक्षराच्या मापाच्या निदान दीडपट ठेवा आणि त्याच मापात देवनागरी बारीक दिसते हे ध्यानात घेऊन अक्षर एक-दोन पायऱ्या मोठं ठेवा. फिक्या करड्या रंगातली अक्षरं टाळा. बटण बोटाच्या टोकाएवढं असू द्या, म्हणजे जवळपास एक सेंटिमीटर. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी संगणकावरच्या 'मंगल' या फॉन्टसाठी कष्ट घेतले, ते अशा बारकाव्यांसाठीच. आयडीसीतच तयार झालेला 'स्वरचक्र' हा कळफलक फोनवर घालून बघा. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती त्याची बाराखडी चक्रासारखी उघडते. शाळेत घोकलेलं जे डोक्यात आधीपासून आहे त्याच्यावरच ती रचना उभी आहे, म्हणून शिकायला काही मिनिटं पुरतात.

हे सगळं करायला पैसे लागतात असं तुम्हाला वाटत असेल तर सत्यजित राय यांची वही आठवा. चित्रपटांच्या आधी ते डी. जे. केमर या जाहिरात कंपनीत चित्रं काढत, पुस्तकांची मुखपृष्ठं करत, अक्षरांचे नमुने रेखाटत. १९५५ मध्ये आलेल्या 'पथेर पांचाली'ची रूढ पद्धतीची पूर्ण पटकथा नव्हती. प्रसंगांची चित्रं काढलेली वही होती आणि तीच ते निर्मात्यांना दाखवत. पुढच्या काळात ते लाल कापडी बांधणीच्या 'खेरोर खाता'त लिहीत आणि रेखाटत. हा खाता म्हणजे दुकानदाराची चोपडीच.

तशी एक चोपडी तुम्हीही आणा. वेबसाइट बनवायला देण्याआधी प्रत्येक पान पेन्सिलीने एका पानावर काढा, बटणांसकट. मग शेजाऱ्याला बोलवा, काम द्या, आणि त्याला कागदावरच बोटाने 'दाबायला' सांगा. तो जिथे दाबेल त्याप्रमाणे तुम्ही वहीचं पान उलटा. हे पोरखेळासारखं वाटेल, पण मोठमोठ्या कंपन्यांतही असंच करतात. याचा आणखी एक फायदा आहे. चकचकीत तयार पानाला नाव ठेवायला लोक कचरतात. पेन्सिलीच्या रेघोट्यांना बिनदिक्कत नावं ठेवतात, आणि खोडणं तुमच्याही जिवावर येत नाही.

सराव घरापासून करायचा असेल तर विजेच्या बोर्डापासून करा. आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये दिवाणखान्यात आठ बटणांची एक रांग आहे, आठही सारखी. पंखा लावायला प्रत्येक पाहुणा तीन-चार बटणं दाबून बघतो. नवं घर करत असाल तर वायरमनला सांगा की बटणांचा क्रम खोलीतल्या जागांप्रमाणे लावा: खिडकीकडचा दिवा खिडकीकडच्या टोकाला, पंखा मध्ये. शेगडीची नॉब आणि बर्नर यांचंही तेच तत्त्व. जुन्या घरात भिंत फोडणं शक्य नसतं, तिथे खूण करा.

ही खूण आमच्याकडे मावशीने केली. ती रात्री चष्म्याशिवाय उठायची आणि पंख्याऐवजी मोठा दिवा लावून सगळ्यांना जागं करायची. दोन रात्री झाल्यावर ती 'माझंच चुकतंय' म्हणाली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःच्या टिकल्यांचं पाकीट काढलं, जाड, मखमली टिकल्यांचं. पंख्याच्या बटणावर दोन लावल्या, रात्रीच्या दिव्यावर एक. अंधारात बोट फिरवलं की कळावं म्हणून. न्हाणीघराबाहेर गिझरच्या बटणावर लाल टिकली, कारण ते चालू राहून गेलं तर धोका. बाकीच्यांना काही लावलं नाही. मी विचारलं, सगळ्यांना का नाही? म्हणाली, "सगळ्यांना लावली तर पुन्हा सगळी सारखीच की."

ती साताऱ्याला परत गेली त्याला आता बरेच महिने झाले. परवा फोनवर तिने विचारलं, "टिकल्या आहेत ना जागेवर? गिझरची निघाली असेल, तिथे ओले हात लागतात." बघितलं तर खरंच निघाली होती. मी नवी लावली.